भित्तिचित्राचे अध्यापन : एक विचार

म्हैसूरच्या मेटगळ्ळी भागात चलनी नोटांचा छापखाना आहे. नोटेवरील भाषापट्टीत मराठी व कन्नड यांसह 15 भाषांतील अक्षरे असतात. मात्र त्या कागदावर इतर कोणी काही लिहू नये, असा रिझर्व्ह बँकेचा आग्रह असतो. रस्त्यावरील भिंतीची गोष्ट वेगळी. तिच्यावर लिहिण्याचा मोह कोणासही होतो. अशा भिंतीवरील लेखन व चित्रण, म्हणजेच ग्राफिटी, चित्रकलेच्या वर्गात शिकवावे काय, हा प्रश्न केवळ तंत्राचा नव्हे.

याविषयी दोन आक्षेप संभवतात. सार्वजनिक जागांच्या विद्रूपीकरणास प्रतिबंध करणारा 1981 चा कायदा कर्नाटकात आहे. शिक्षकाने विद्यार्थ्यास गुन्ह्याकडे नेऊ नये, हा पहिला. परवानगी घेऊन काढलेल्या चित्रात विरोधाचा जोर उरत नाही, हा दुसरा. पहिला आक्षेप मान्यच केला पाहिजे. दुसरा मात्र तपासून पाहण्याजोगा आहे.

वारली समाजात लग्नप्रसंगी सवाशिणी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. कोणी लिहावे, केव्हा व कोठे लिहावे, हे तेथे रूढीने ठरलेले आहे. तरीही ते चित्र निर्जीव होत नाही. जिव्या सोमा म्हसे (1934–2018) यांनी लग्नविधीबाहेर चित्रे काढली आणि 1970 नंतरच्या दशकात ही कला कागदावर आली, तेव्हा रेषा टिकली. परंतु पालघट देवीला आवाहन करण्याचे प्रयोजन मागे राहिले. चित्राचा अर्थ जागेशी किती बांधलेला असतो, हे यावरून ध्यानात येते.

म्हैसूरच्या चामराजेंद्र दृश्यकला अकादमीत शिकलेले बादल नंजुंडस्वामी यांनी 2015 मध्ये बंगळूरच्या एका रस्त्यावरील खड्ड्याभोवती तळे रंगवून त्यात कृत्रिम मगर ठेवली. तो खड्डा नंतर बुजविण्यात आला. तीच मगर प्रदर्शनाच्या दालनात केवळ शिल्प ठरली असती. येथे विरोध साधला तो जागेच्या अचूक निवडीने.

तेव्हा रंगाचा डबा उघडण्यापूर्वी विद्यार्थ्याकडून तीन प्रश्नांची लेखी उत्तरे घ्यावीत. ही भिंत कोणाची? तिच्यासमोरून कोण जाते, व त्यास कोणती लिपी वाचता येते? चित्र अन्यत्र नेल्यास त्याचा किती अर्थ शिल्लक राहील? मेटगळ्ळीत मराठी अक्षरे रेखाटणाऱ्यास दुसऱ्या प्रश्नापाशी बराच वेळ थांबावे लागेल.

भिंतीच्या मालकाची संमती मागणे हाही पाठाचाच भाग होय. मालकाने नकार दिल्यास चित्र कागदावरच राहू द्यावे. पण नकाराचे कारण वहीत नोंदवून त्यावर वर्गात चर्चा करावी. कोणता मजकूर कोणास नको असतो, हे त्या नोंदीतून जितके स्पष्ट होते, तितके रात्री चोरून रंगविलेल्या भिंतीवरून होतेच असे नाही. भिंत वाचता आल्यावाचून तिच्यावर लिहिण्याचे शिक्षण पुरे होत नाही, एवढेच येथे सुचवावयाचे आहे.