अस्थिर तेलाचें स्थिरीकरण

मुंबईच्या पश्चिमेस सुमारें १६० किलोमीटरवर, भर समुद्रांत, १९७४ सालीं खनिज तेलाचा मोठा सांठा सांपडला. 'मुंबई हाय' या नांवानें तो प्रसिद्ध आहे. तेथील तेल व वायु समुद्रतळावरील नळांतून रायगड जिल्ह्यांतील उरण येथें येतात. वायूबरोबर पेट्रोलासारखें एक हलकें तेलहि येतें. त्यास कंडेन्सेट म्हणतात. हें तेल आहे तसेंच साध्या टांकींत कां भरीत नाहींत, तें आम्ही येथें सांगणार आहों.

गोळीची सोडावॉटरची बाटली आपण पाहिलीच आहे. गोळी आंत ढकलतांच दाब उतरतो व विरघळलेला वायु फसफसून बाहेर पडतो. कंडेन्सेटाचेंहि तसेंच आहे. नळांतील दाबामुळें मिथेन, ईथेन, प्रोपेन व ब्यूटेन हे वायु त्यांत विरघळून राहतात. प्रोपेन उणें ४२ अंश सेल्सिअसला व ब्यूटेन शून्याच्या आसपास उकळतो. मग दाब उतरल्यावर आपल्या उन्हाळ्यांत ते तेलांत कसे टिकावे? सोड्याचा वायु पेट घेत नाहीं, हे मात्र ज्वालाग्राही आहेत. शिवाय प्रोपेन हवेच्या दीडपट व ब्यूटेन दुप्पट जड. ते जमिनीलगत पसरून गटारांत व खळग्यांत सांचतात. मग दूरची एक ठिणगीहि अनर्थास पुरते.

यावरील उपाय म्हणजे स्थिरीकरण. प्रथम तेलावरील दाब टप्प्याटप्प्यानें उतरवितात. त्यायोगें पुष्कळसा वायु निघून जातो. नंतर तें एका उंच मनोऱ्यांत सोडतात. आंत एकावर एक तबकें असतात. तेल तबकांवरून खालीं उतरतें व तळाशीं तापतें. तेथून उठणाऱ्या वाफेंतील जड अंश उतरत्या तेलांत परततो आणि तेलांतील हलका अंश वाफेबरोबर वर जातो. नुसतें उकळलें असतें तर चांगलें तेलहि वाफेबरोबर गेलें असतें.

तेल स्थिर झालें कीं नाहीं, हें ३७.८ अंशांवर त्याच्या वाफेचा दाब मोजून ठरवितात. तो हवेच्या दाबाहून पुरेसा कमी भरला, म्हणजे तेल सांठविण्यास व दूर नेण्यास योग्य झालें.

निघालेल्या वायूंपैकीं प्रोपेन व ब्यूटेन दाबानें द्रवरूप करून भक्कम सिलिंडरांत भरतात. तोच आपल्या स्वयंपाकघरांतील गॅस. म्हणून विद्यार्थिमित्रहो, घरीं गॅसचा वास येतांच काडी ओढूं नका, विजेचें बटणहि दाबूं नका. रेग्युलेटर बंद करून दारें-खिडक्या उघडा व वडील माणसांस हांक मारा. वायु खालीं सांचतो, हें ज्यास समजलें, तो सावधपणें वागेल.