श्रीलंकेहून परतीचा दिवस : मधुमेही, सिकलसेलग्रस्त आणि वयस्क उपासक-उपासिकांसाठी



अलीकडे आपल्या वस्त्यांतून श्रीलंका, थायलंड, नेपाळकडे धम्मसहली जाऊ लागल्या आहेत. कोणी बचत गटात दोन वर्षे पैसे साठवतो, कोणी निवृत्तीच्या रकमेतून तिकीट काढतो, कुणाला मुलगा पाठवतो. बाबासाहेब १९५० साली जागतिक बौद्ध परिषदेसाठी तेव्हाच्या सिलोनला गेले होते. ती भूमी एकदा तरी पाहावी, अनुराधपूरच्या महाबोधीपुढे हात जोडावेत, ही ओढ समजण्यासारखी आहे. जाण्याची तयारी महिनाभर चालते. पांढरी वस्त्रे, पासपोर्ट, चिवडा, सगळे आठवणीने घेतले जाते. परतीच्या दिवसाचा विचार मात्र कोणी करत नाही. आठ दिवसांचा थकवा अंगात, पिशव्या दुप्पट, झोप अपुरी, आणि सगळ्यात लांबचा प्रवास नेमका त्याच दिवशी.

तो दिवस एकदा तासांत मोजून पाहा. कँडीहून कोलंबोजवळच्या कटुनायके विमानतळापर्यंत बसने तीन-चार तास. उड्डाणाच्या तीन तास आधी तिथे पोहोचायचे. मुंबईपर्यंत विमान साधारण अडीच तास. मुंबईत शिक्के मारून, सामान घेऊन बाहेर पडायला तास-दीड तास. मग टॅक्सीने किंवा लोकलने स्टेशन गाठायचे, तिथे गाडीची वाट पाहायची, आणि नागपूरच्या माणसाला पुढे रेल्वेचे बारा ते पंधरा तास. म्हणजे घरी पोहोचेपर्यंत चोवीस तासांच्या वर वेळ जातो. भीती सगळी विमानाची असते, पण या दिवसातला विमान हा एक लहान तुकडा आहे. शरीराला त्रास होतो तो एकूण बसून राहण्याचा.

पाय

चालताना पोटरीचे स्नायू आवळतात आणि रक्त वर ढकलतात. तासन् तास पाय लोंबकळत ठेवून बसले की हे काम थांबते. रक्त आणि पाणी खाली साचते, चप्पल घट्ट होते. दोन्ही पाय सारखे सुजले आणि रात्रभर पाय उंचावर ठेवून झोपल्यावर सूज उतरली, तर बहुधा घाबरण्याचे कारण नसते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही घोट्याला सूज येते, ती वेगळी गोष्ट. डॉक्टरांना एकदा दाखवावी.

एकाच पोटरीला सूज आली, ती दुखते, गरम लागते, लालसर दिसते, तर मात्र शिरेत रक्ताची गुठळी झाली असण्याची शक्यता धरावी. ही गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जीवावर बेतते. जागतिक आरोग्य संघटनेने या विषयावर मोठा अभ्यास करून २००७ साली निष्कर्ष जाहीर केले. चार तासांहून अधिक प्रवासाने हा धोका साधारण दुप्पट होतो, तरीही निरोगी माणसात तो सुमारे सहा हजारांत एक इतकाच राहतो. त्यातला महत्त्वाचा भाग असा की हे फक्त विमानात घडत नाही. बस, मोटार, रेल्वे, कुठेही बराच वेळ न हलता बसले तरी घडते, आणि धोका घरी आल्यानंतरही काही आठवडे राहतो. अलीकडे ऑपरेशन झालेले, गरोदर किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या, पाळणा लांबवण्याच्या गोळ्या घेणाऱ्या, कॅन्सरचे उपचार चालू असलेले, पूर्वी गुठळी झालेली माणसे यांनी निघण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलावे.

इथे आपल्या घरची एक सवय सांगावीच लागेल. आजी प्रवासाहून आली की सून किंवा नात तेल कोमट करून तिचे पाय चोळून देते. मायेचे काम आहे. पण एकच पोटरी सुजून दुखत असेल तर ती चोळू नये, रगडू नये, थेट दवाखान्यात न्यावे. सोबत दम लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर सकाळपर्यंत थांबू नये, १०८ ला फोन करावा.

ही वेळ येऊ नये म्हणून करायचे काम सोपे आहे. बसल्या जागी पंजा वर, पंजा खाली, असे अर्ध्या-पाऊण तासाने वीस-पंचवीस वेळा करावे. मधूनच उठून एक फेरी मारावी. पायाखाली पिशवी ठेवून जागा अडवू नये, यासाठी खरेदी थोडी कमी झाली तरी चालेल. विमानतळावर खुर्चीत गठ्ठा होऊन बसण्यापेक्षा तिथेच फिरावे. गुडघे फार दुखत असतील तर व्हीलचेअर मागावी, त्यात कमीपणा काही नाही. मात्र ते तिकीट काढतानाच सांगून ठेवावे लागते.

मधुमेहींनी आणखी एक काम आदल्या रात्रीच करायचे आहे. श्रीलंकेत विहारात आणि स्तूपाच्या आवारात पादत्राणे काढावी लागतात, आणि दुपारी फरशी व वाळू चांगलीच तापलेली असते. जुन्या मधुमेहात तळव्याची संवेदना कमी झालेली असते, त्यामुळे भाजले तरी कळत नाही. कळते ते चार दिवसांनी, जखम चिघळल्यावर. म्हणून निघण्याच्या आदल्या रात्री आरसा धरून किंवा कुणाला दाखवून दोन्ही तळवे, बोटांच्या बेचक्या नीट पाहाव्यात. फोड दिसला तर फोडू नये, स्वच्छ धुऊन कोरडे फडके बांधावे, प्रवासात नवी चप्पल घालू नये आणि घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात दाखवावे. सहलीला जाण्यापूर्वी हे वाचत असाल तर जाड सुती मोजे घेऊन जा. पादत्राणे काढली तरी मोज्यांनी बराच बचाव होतो.

पाणी आणि संडास

आपल्या अनेक भगिनी परतीच्या दिवशी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. कारण विचारले तर हळूच सांगतात, विमानातला संडास कसा वापरायचा ते माहीत नाही, आणि विचारायची लाज वाटते. सहल नेणाऱ्यांनी ही गोष्ट पहिल्याच बैठकीत सगळ्यांसमोर सांगायला हवी. इथे आम्ही सांगतो. विमानातल्या संडासाचे दार बऱ्याचदा मधे दुमडणारे असते, ते मधोमध ढकलले की आत उघडते. आत गेल्यावर कडी सरकवली की दिवा लागतो. बसायचे भांडे खुर्चीसारखे असते. बटन दाबले की पाणी न येता मोठा आवाज होऊन सगळे ओढले जाते, त्या आवाजाने दचकू नये. धुण्यासाठी नळी सहसा नसते, म्हणून छोटी बाटली हातात घेऊन जावी, बेसिनच्या नळावर ती भरता येते. विमान उतरायच्या बेतात असताना संडास बंद करतात, तेव्हा आधीच जाऊन यावे.

पाण्याची भरलेली बाटली सुरक्षा तपासणीत काढून घेतात. रिकामी बाटली नेता येते, पलीकडे पिण्याच्या पाण्याच्या नळावर ती भरून घ्यावी. विमानातली हवा कोरडी असते, थोडे थोडे पाणी पीत राहावे. रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असेल तर ती प्रवासाच्या दिवशी आपल्या मनाने बंद करू नये. वेळ पुढे-मागे करता येते का, हे डॉक्टरांना निघण्यापूर्वीच विचारावे.

गोळ्या आणि इन्सुलिन

सर्व औषधे हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको. बॅग उशिरा आली किंवा हरवली तर गोळ्याही गेल्या. इन्सुलिन तर सामानाच्या कप्प्यात मुळीच टाकू नये. तिथे ते गोठू शकते, आणि एकदा गोठलेले इन्सुलिन पुन्हा पातळ झाले तरी निरुपयोगी असते. सुया, पेन आणि डॉक्टरांची चिठ्ठी एकत्र ठेवावी. चिठ्ठीत औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे, कंपनीचे नाव परदेशात ओळखतीलच असे नाही. वापरात असलेले इन्सुलिन साधारण चार आठवडे फ्रिजबाहेर टिकते, फक्त ऊन आणि तापलेली बस यांपासून जपावे.

श्रीलंकेचे घड्याळ आपल्याच वेळेवर चालते, त्यामुळे गोळ्यांच्या वेळा बदलायच्या नाहीत. थायलंड दीड तास पुढे आहे, तिथेही फारसा फरक पडत नाही. अमेरिकेत मुलीच्या बाळंतपणाला गेलेल्या आईची गोष्ट निराळी. तिथून येताना दिवस-रात्र उलटी होते आणि इन्सुलिनचे वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहूनच घ्यावे लागते.

साखर उतरण्याचा धोका परतीच्या दिवशी जास्त असतो, कारण जेवणाची वेळ आपल्या हातात नसते. विमान सुटले की जेवण येईल म्हणून गोळी घेतली किंवा इंजेक्शन टोचले, आणि विमान तासभर जमिनीवरच उभे राहिले तर? नियम एवढाच धरा, ताट समोर आल्याशिवाय जेवणाआधीची गोळी किंवा इन्सुलिन घ्यायचे नाही. स्वस्तातल्या काही विमानांत जेवण मिळतच नाही, म्हणून पोळी-चटणी, बिस्किटे, फुटाणे जवळ असावेत. घाम फुटला, हात थरथरले, डोके हलके झाले, माणूस असंबद्ध बोलू लागला, तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात कालवून द्यावे आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे. बरे वाटल्यावर काहीतरी खायला द्यावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये, लगेच विमानातल्या कर्मचाऱ्यांना बोलवावे.

परतीचा दिवस पौर्णिमेला आला तर अनेक उपासिका अष्टशील धरतात आणि दुपारनंतर अन्न घेत नाहीत. श्रद्धेचा पूर्ण आदर ठेवून सांगतो, मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यांनी त्या दिवशी विकालभोजनाचा नियम धरू नये. आजारी माणसासाठी सवलत धम्माच्या परंपरेतही आहे. शंका असेल तर भंतेजींना विचारा, ते हेच सांगतील.

कँडीच्या वाटेवर मातले भागात मसाल्याच्या बागा दाखवतात आणि शेवटी तेल, चूर्ण विकायला काढतात. दालचिनी, वेलची हवी तर घ्या. मधुमेह किंवा संधिवात कायमचा जाईल या बोलण्यावर पैसे घालवू नका, आणि त्या भरवशावर चालू गोळी तर नक्कीच सोडू नका.

सिकलसेल

विदर्भातल्या आपल्या घरांसाठी हा भाग महत्त्वाचा आहे. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात आदिवासी समाजाप्रमाणे आपल्या समाजातही सिकलसेल बराच आढळतो. विमानाच्या आतली हवा समुद्रसपाटीसारखी नसते. सुमारे सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असते तितकी ती विरळ असते. निरोगी माणसाला ते जाणवतही नाही. पण ‘एसएस’ रुग्णाच्या तांबड्या पेशी ऑक्सिजन कमी झाला, अंगातले पाणी कमी झाले किंवा थंडी वाजली की विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना सुरू होतात. परतीच्या दिवशी ही तिन्ही कारणे एकत्र येतात, वर शिणवटाही असतो.

‘एएस’ म्हणजे वाहक असलेल्यांनी प्रवासी विमानाला भिण्याचे कारण नाही, पाणी पीत राहिले की पुरे. ‘एसएस’ असलेल्यांनी मात्र तिकीट काढण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. नुकताच वेदनेचा झटका येऊन गेला असेल तर निदान दहा दिवस विमान टाळावे. हायड्रॉक्सीयुरिया आणि फॉलिक ॲसिड एकही दिवस चुकू नये. स्वेटर, मोजे, शाल हातातच ठेवावी, विमानात बसताक्षणी कर्मचाऱ्यांकडून पांघरूण मागून घ्यावे. जड बॅगा उचलायचे काम दुसऱ्याने करावे. सिकलसेलचे कार्ड सोबत असावे. तपासणीच झाली नसेल तर १ जुलै २०२३ पासून केंद्र सरकारचे सिकलसेल निर्मूलन अभियान चालू आहे, जवळच्या सरकारी दवाखान्यात चौकशी करा. सहलीसाठी नाही तरी मुलामुलींच्या लग्नाआधी ही तपासणी व्हायलाच हवी.

घरी आल्यावर

विमान उतरताना कान दुखले तर थुंकी गिळावी, किंवा नाक दाबून तोंड मिटून हलकेच हवा फुगवावी. लहान बाळाला त्या वेळी अंगावर पाजावे. हा त्रास तेवढ्यापुरता असतो.

घरी येऊन दुसऱ्याच दिवशी कामावर जाणे पुष्कळांना भाग असते, सुट्टी संपलेली असते, रोजंदारी बुडते. पण रिक्षा, टेम्पो चालवणाऱ्यांनी, उंचीवर किंवा यंत्रावर काम करणाऱ्यांनी एक पूर्ण रात्र झोप झाल्याशिवाय कामाला हात घालू नये. सहलीची तारीख ठरवतानाच हा एक दिवस धरावा. शेवटच्या दिवशी आणखी एक दुकान दाखवण्यापेक्षा आयोजकांनी तो वेळ विश्रांतीला दिला तर बरे होईल.

पुढचे दोन आठवडे तापाकडे लक्ष ठेवा. श्रीलंका, थायलंड दोन्हीकडे डेंग्यू आहे, आणि डास चावल्यापासून साधारण चार ते दहा दिवसांत ताप येतो. म्हणजे तो घरी आल्यावरही येऊ शकतो. डॉक्टरांकडे गेल्यावर “नुकताच श्रीलंकेहून आलो” हे न विचारता सांगावे. तापासाठी पॅरासिटामॉलच घ्यावी. अंगदुखीच्या इतर गोळ्या, आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन, मेडिकलमधून आणून खाऊ नयेत, डेंग्यूत त्यांनी रक्तस्राव होऊ शकतो. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर ती परस्पर बंद न करता डॉक्टरांना विचारावे. श्रीलंकेला २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने हिवतापमुक्त देश म्हणून प्रमाणित केले आहे, पण थंडी वाजून ताप आला तर रक्ततपासणी करून घ्यावीच, कारण डास आपल्या वस्तीतही आहेत. जुलाब लागले तर ओआरएसची पुडी आशाताईंकडे मिळते, एक लिटर पाण्यात पूर्ण पुडी घालावी, अर्धी नाही. आणि ‘एसएस’ सिकलसेल असलेल्या मुलाला किंवा मोठ्या माणसाला ताप आला तर घरी एक दिवसही वाट न पाहता कार्ड घेऊन त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.