खाऱ्या दलदलीची काळी माती

ज्या किनाऱ्यावर लाटांचा मारा थेट पोहोचत नाही, वाळूच्या एखाद्या दांड्याच्या आडोशाला किंवा खाडीच्या कुशीत जेथे भरतीचे पाणी संथपणे पसरते आणि तितक्याच संथपणे ओसरते, तेथे खारी दलदल निर्माण होते. उष्ण कटिबंधात अशा जागा बहुधा कांदळवने व्यापतात. समशीतोष्ण प्रदेशात त्या गवताच्या ताब्यात असतात. दुरून पाहणाऱ्यास ही दलदल एखाद्या विस्तीर्ण कुरणासारखी भासते. परंतु तीत पाऊल टाकताच फरक जाणवतो. जमीन स्पंजासारखी दबते, पावलाच्या खड्ड्यात काळपट पाणी साचते आणि कुजक्या अंड्यांसारखा वास येऊ लागतो. अशा भूमीला माणसाने शतकानुशतके 'पडीक' म्हटले आणि ती कोरडी करणे म्हणजे तिचा उद्धार करणे होय, असे मानले. या समजुतीची किंमत अनेक देशांना मोजावी लागली आहे. ती का मोजावी लागली, हे समजण्यासाठी त्या काळ्या मातीची घडण जाणून घेणे आवश्यक आहे.

सर्वसाधारण शेतजमीन ही मुख्यत्वे खनिज कणांची बनलेली असते. तीत सेंद्रिय द्रव्याचे प्रमाण शेकडा एक-दोन भाग असले तरी शेतकरी समाधान मानतो. सेंद्रिय मृदेत हे नाते उलटे होते. वनस्पतींचे अवशेष हाच तिचा देह असतो. अमेरिकेत रूढ असलेल्या मृदावर्गीकरणानुसार पाण्याने संपृक्त असलेल्या मातीत चिकणमाती मुळीच नसेल तर वजनाने किमान १२ टक्के, आणि चिकणमातीचे प्रमाण ६० टक्के वा त्याहून अधिक असेल तर किमान १८ टक्के सेंद्रिय कार्बन असल्याशिवाय तिला सेंद्रिय म्हणता येत नाही. या वर्गाला दिलेले 'हिस्टोसॉल' हे नाव ऊतक या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे, आणि ते यथार्थ आहे. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सर्वच खाऱ्या दलदली अशा मातीच्या नसतात. मोठ्या नद्या जेथे भरपूर गाळ आणून टाकतात तेथे दलदलीची माती खनिजप्रधान राहते. गाळाचा पुरवठा तुटपुंजा असेल, तेथेच वनस्पतींना स्वतःच्या अवशेषांवर आपली जमीन उभारावी लागते.

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील न्यू इंग्लंडचा प्रदेश याचे उत्तम उदाहरण आहे. मॅसॅच्युसेट्स राज्यातील केप कॉड या द्वीपकल्पावर बार्नस्टेबल नावाची एक दलदल आहे. वुड्स होल येथील सागरविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञ अ‍ॅल्फ्रेड रेडफील्ड यांनी तिचा अनेक वर्षे अभ्यास केला आणि १९७२ साली तिचा इतिहास प्रसिद्ध केला. तत्पूर्वी, १९६२ साली, त्यांनी मायर रुबिन यांच्यासह निरनिराळ्या खोलीवरील पीटच्या थरांचे वय किरणोत्सर्गी कार्बनच्या साहाय्याने ठरविले होते. सुमारे चार हजार वर्षांपूर्वी वाळूचा एक दांडा किनाऱ्यालगत वाढू लागला, त्याच्या आडोशाला गवत रुजले आणि दांडा जसजसा लांबला तसतशी दलदल पसरत गेली. त्याच काळात समुद्राची पातळी जमिनीच्या तुलनेत हळूहळू वर चढत होती. गेल्या दोन हजार वर्षांत ही वाढ दर सहस्रकाला साधारणपणे एक मीटर इतकी होती. दलदलीचा पृष्ठभागही जवळजवळ त्याच गतीने उंचावत राहिला. म्हणून आज तेथे कित्येक मीटर जाडीचा पीट आढळतो, आणि त्याच्या तळाशी त्याच जातीच्या गवताची मुळे सापडतात जी आज पृष्ठभागावर वाढत आहेत.

हे गवत म्हणजे स्पार्टिना. त्याच्या दोन जाती येथे प्रमुख आहेत. स्पार्टिना अल्टर्निफ्लोरा ही उंच जात भरतीचे पाणी रोज शिरणाऱ्या सखल भागात वाढते. स्पार्टिना पेटन्स ही आखूड व मऊ जात केवळ उधाणाच्या भरतीने भिजणाऱ्या उंच भागात आढळते. पीट पानांचा बनतो अशी पुष्कळांची कल्पना असते. वस्तुतः वाळलेल्या पानांचा बराचसा भाग भरती वाहून नेते. जमीन बनते ती मुळांची आणि जमिनीखालील खोडांची. ती आपल्या जागीच वाढतात, जागीच मरतात आणि पुढच्या पिढीच्या मुळांना आधार देतात. पाण्यातून प्राणवायूचा प्रसार हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी मंद असतो. त्यामुळे पृष्ठभागाखाली काही सेंटिमीटरवरच प्राणवायू संपतो आणि कुजण्याची क्रिया रेंगाळते. वाढीचा वेग कुजण्याच्या वेगापेक्षा थोडासा जास्त असला की हजारो वर्षांत जमीन उभी राहते.

अशा मातीचे गुणधर्म हाताच्या मुठीतच बरेचसे कळतात. ओला पीट मुठीत दाबला असता बोटांच्या फटींतून जवळजवळ स्वच्छ पाणी आले आणि हातात तंतूंचा गुंता राहिला, तर तो कमी कुजलेला समजावा. काळा लगदाच बाहेर आला तर तो पूर्ण कुजलेला. यांच्यामधली अवस्था अधिक आढळते. कोरड्या पीटचे वजन दर घन सेंटिमीटरला अवघे ०.१ ते ०.३ ग्रॅम भरते; सामान्य शेतमातीचे वजन १.३ ग्रॅमच्या आसपास असते. उरलेली सारी जागा पाण्याची. पीट आपल्या कोरड्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरून ठेवतो, आणि हे पाणीच त्याचा सांगाडा ताठ ठेवते. पाणी काढून घेतले की सांगाडा कोसळतो.

पण खाऱ्या दलदलीच्या मातीचे सर्वांत महत्त्वाचे वैशिष्ट्य याहून वेगळे आहे, आणि ते गोड्या पाण्याच्या दलदलीत सहसा आढळत नाही. समुद्राच्या पाण्यात दर लिटरला सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असते. प्राणवायू संपल्यावर काही सूक्ष्मजंतू श्वसनासाठी या सल्फेटचा उपयोग करतात आणि त्याचे रूपांतर हायड्रोजन सल्फाइड वायूत करतात. कुजक्या अंड्यांचा वास तो हाच. हा वायू मातीतील लोहाशी संयोग पावतो; त्यातून प्रथम काळे लोहसल्फाइड आणि कालांतराने लोहमाक्षिकाचे, म्हणजे पायराइटचे, अतिसूक्ष्म स्फटिक तयार होतात. याप्रमाणे प्रत्येक भरती थोडे थोडे गंधक आणते आणि माती ते साठवून ठेवते. जोवर माती पाण्याखाली आहे तोवर या साठ्याचा कोणालाही उपद्रव नसतो. तिचा सामू सातच्या आसपास राहतो, गवत हिरवे राहते, खेकडे व लहान मासे सुखाने वाढतात. एवढेच नव्हे, तर सल्फेट वापरणारे सूक्ष्मजंतू मिथेन तयार करणाऱ्या सूक्ष्मजंतूंना वरचढ ठरतात. त्यामुळे खाऱ्या दलदलीतून मिथेन वायू फारच थोडा बाहेर पडतो.

आता हीच माती कोरडी झाली तर काय होते ते पाहू. हवा आत शिरते, पायराइटचे ऑक्सिडीभवन होते आणि गंधकाम्ल तयार होते. सामू चारच्या खाली, क्वचित तीनच्याही खाली घसरतो. अशा आम्लात मातीच्या कणांतील अ‍ॅल्युमिनियम विरघळते व मुळांना आणि माशांच्या कल्ल्यांना अपाय करते. परीक्षा सोपी आहे. मातीचा ढेकूळ हवेशी संपर्क राहील असा ओलसर ठेवावा आणि काही आठवड्यांनी त्याचा सामू पुन्हा मोजावा. निरुपद्रवी दिसणारी माती तेवढ्या अवधीत आम्ल झालेली आढळते.

न्यू इंग्लंडमध्ये वसाहत करणाऱ्या पहिल्या शेतकऱ्यांनी दलदल बव्हंशी आहे तशीच वापरली. उंच भागातील स्पार्टिना पेटन्स कापून ते गुरांना घालीत. गवताच्या गंजी भरतीच्या पाण्यापासून वर राहाव्यात म्हणून जमिनीत लाकडी खुंट ठोकलेले असत, आणि घोड्यांच्या खुरांना रुंद लाकडी पट्ट्या बांधीत, म्हणजे ते रुतत नसत. पुढे दृष्टी बदलली. डासांच्या निर्मूलनासाठी चर खणण्याची मोहीम सुरू झाली आणि १९३८ पर्यंत मेन ते व्हर्जिनिया या किनारपट्टीवरील भरतीच्या पाणथळ भूमीपैकी सुमारे ९० टक्के भागात चर पडले. केप कॉडवरच वेलफ्लीट येथे १९०९ साली हेरिंग नदीच्या मुखाशी बांध घालण्यात आला. डास कमी व्हावेत आणि जमीन उपयोगात यावी, हा हेतू होता. भरती बंद झाली, वरच्या भागातील पाणी काढून टाकण्यात आले, आणि चार हजार वर्षे जे घडले नव्हते ते काही दशकांत घडले. पीट कुजू लागला, पोकळ सांगाडा दबला आणि काही ठिकाणी जमीन ९० सेंटिमीटरपर्यंत खाली बसली. पायराइटपासून आम्ल निर्माण झाले आणि १९८० साली नदीत ईल जातीचे मासे मोठ्या संख्येने मेले. डासांची पैदासही थांबली नाही, कारण आम्लयुक्त पाण्यात डासांच्या अळ्या खाणारे मासेच उरले नव्हते. बांधाआड पाणी गोडे झाल्यामुळे सल्फेटची आवक थांबली आणि चिंब राहिलेल्या भागांतून मिथेन बाहेर पडू लागला. या नदीत भरतीचे पाणी परत येऊ देण्याचे काम दीर्घ विचारविनिमयानंतर २०२३ साली सुरू झाले. पाणी टप्प्याटप्प्याने सोडावे लागते. बसलेली जमीन एकदम बुडाली तर गवताला रुजण्याइतकी उंची उरत नाही.

हा अनुभव केवळ अमेरिकेचा नाही. समुद्र हटवून शेती करणाऱ्या हॉलंडच्या शेतकऱ्यांना अशी माती फार पूर्वीपासून ठाऊक होती; पिवळसर डाग पडलेल्या या नापीक जमिनीला ते 'मांजरमाती' म्हणत. भारतात मात्र तिचे सर्वांत ठळक उदाहरण केरळातील कुट्टनाड येथे मिळते. वेंबनाड सरोवराभोवतीचा हा प्रदेश काही ठिकाणी समुद्रसपाटीच्या दोन मीटरपर्यंत खाली आहे. तेथे बांधांच्या आत पाणी उपसून भात पिकविला जातो आणि या शेतीपद्धतीला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने २०१३ साली जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. कुट्टनाडच्या एका भागातील जमिनीला 'करी' म्हणतात. मलयाळम भाषेत करी म्हणजे कोळसा. ही माती खरोखरीच कोळशासारखी काळी असते आणि खणताना तीत प्राचीन वृक्षांचे काळवंडलेले ओंडके सापडतात. येथे गवताऐवजी बुडालेल्या वनांनी सेंद्रिय द्रव्य पुरविले, परंतु गंधक समुद्रानेच दिले. (आपल्या कोकणातील खार जमिनींत सेंद्रिय द्रव्याचे असे जाड थर सहसा नसतात, तेथे शेतकऱ्याची लढाई मुख्यत्वे मिठाशी असते.)

करी जमिनीत शेतकऱ्याला मीठ आणि आम्ल या दोन शत्रूंशी एकाच वेळी झुंजावे लागते. उन्हाळ्यात शेत सुकून भेगाळले की आम्ल तयार होते आणि पहिल्या पावसाबरोबर ते वर येते. विरघळलेल्या लोहामुळे भाताची पाने तांबूस पडतात. यासाठी शेतात पाणी घेऊन, काही काळ ठेवून, ते पुन्हा बाहेर उपसण्याची प्रथा आहे. पेरणीपूर्वी माती अशा रीतीने धुतली जाते. त्याशिवाय चुनाही घालावा लागतो. जमीन फार काळ कोरडी पडू न देणे हे या शेतीचे खरे मर्म आहे.

उन्हाळ्यात समुद्राचे खारे पाणी आत येऊ नये म्हणून वेंबनाडवर तण्णीरमुक्कम येथे बंधारा घालण्यात आला आणि तो १९७६ पासून वापरात आहे. भातशेतीला त्याचा लाभ झाला यात शंका नाही. परंतु पूर्वी हेच खारे पाणी दरवर्षी आत येऊन आम्लाची तीव्रता काही अंशी कमी करीत असे आणि गोड्या पाण्यातील तणांचा नाश करीत असे. बंधाऱ्यानंतर जलपर्णी माजली, आणि समुद्र व सरोवर यांच्या दरम्यान ये-जा करणाऱ्या मासळीचा व कोळंबीचा मार्ग अडला. म्हणून बंधाऱ्याची दारे केव्हा लावावीत आणि केव्हा उघडावीत, हा तेथील भातकरी आणि मच्छीमार यांच्यामधील वादाचा विषय होऊन बसला आहे. भातकऱ्याला ती पीक हाती येईपर्यंत बंद हवी असतात, तर मच्छीमाराला शक्य तितक्या लवकर उघडी.