मदत मागता येणारं मूल

फेब्रुवारी लागला की जयपुरात आमच्या बालवर्गाच्या फाटकाशी रोज एकच विषय निघतो: आता मोठ्या शाळेत कसं होणार? इथे गल्लोगल्ली छोटी प्लेस्कूल आहेत. मुलं दोन-अडीच वर्षांची असताना येतात, नर्सरी संपवतात आणि चौथ्या वर्षाच्या आसपास मोठ्या शाळेच्या केजीत जातात. खासगी शाळांचं नवं सत्र बहुतेक एप्रिलच्या सुरुवातीला उघडतं. त्यामुळे इथला निरोप आणि तिथला पहिला दिवस यांत फारसा श्वास घ्यायला वेळ नसतो.

मानसरोवर भागातल्या अशा एका वर्गात मी बरीच वर्षं शिकवते आहे. मारवाडी, पंजाबी, सिंधी, बंगाली मुलांबरोबर माझ्याकडे मराठी मुलंही येतात. काही बदलीवर आलेल्या बँकवाल्यांची, काही लष्करातल्यांची, काही सोन्या-चांदीचं गलाईकाम करणाऱ्या, मूळच्या विटा-खानापूरकडच्या घरांतली. पालक विचारतात, ‘ताई, एबीसीडी लिहिता येते ना? शंभरपर्यंत येतं ना?’ काळजी खरी असते. पण पुढे गेलेली मुलं सणावाराला, बाजारात, बागेत भेटत राहतात आणि त्यांच्याकडे बघून माझं मत पक्कं झालं आहे. अडलं की तोंड उघडून मदत मागणारं मूल नव्या शाळेत रुळतं. बाकीचं त्याच्या मागून येतं. त्या अनुभवातले हे काही बोल.

१. अडचण सांगता येणं, ही पहिली तयारी

आमच्या छोट्या वर्गात मुलाचा चेहरा बघून ताईला कळतं की याला शूला जायचंय. मोठ्या शाळेत एका बाईंसमोर दुप्पट-तिप्पट मुलं असतात. तिथे चेहरा वाचायला कुणाला सवड नसते, म्हणून मुलाला बोलता आलं पाहिजे. पाणी हवंय. शूला जायचंय. पोटात दुखतंय. हे उघडत नाहीये. तो मला ढकलतोय. मला कळलं नाही. एवढी वाक्यं मुलाला अनोळखी माणसासमोर, न घाबरता म्हणता आली की अर्धं काम झालं. मराठी घरातल्या मुलांना ही वाक्यं हिंदीतही यायला हवीत, कारण तिथल्या मावशी हिंदी किंवा ढुंढाडी बोलतात.

याचा सराव घरीच होतो. मुलाने पेल्याकडे नुसतं बोट दाखवलं की लगेच पाणी देऊ नका. त्याला मागू द्या. दुकानात त्यालाच सांगू द्या, ‘भैया, एक बिस्किट का पैकेट देना.’ पलीकडच्या माणसाने ऐकलं, आपलं काम झालं, हा अनुभव मुलाला पुन्हा पुन्हा मिळाला पाहिजे. बोलल्यावर उपयोग होतो असा भरवसा बसलेलं मूलच पुढे बोलतं.

२. डबा स्वतः उघडता आला पाहिजे

केजीतल्या डब्याच्या सुट्टीत मी अनेकदा बसले आहे. घट्ट झाकणाचा नवा कोरा डबा असतो, चारी बाजूंनी पट्ट्या. मूल आधी अंगठ्याने पट्टी उचलून बघतं. मग नखाने. मग डबा पोटाशी धरून दोन्ही हातांनी ओढतं, मग दात लावतं. शेजारची मुलं खाऊ लागलेली असतात. दोन मिनिटं इकडेतिकडे बघून ते डबा गुपचूप दप्तरात ठेवून देतं. घरी डबा भरलेला परत येतो आणि आई म्हणते, ‘शाळेत जेवतच नाही.’ त्या मुलाला भूक होती. त्याला फक्त झाकण उघडत नव्हतं आणि ते सांगताही येत नव्हतं.

म्हणून शाळेत जो डबा जाणार, त्यातूनच महिनाभर आधीपासून घरी रोज एकदा खाऊ द्या. कुणी भरवायचं नाही, मोबाइल समोर ठेवायचा नाही. सुट्टी छोटी असते, तेव्हा पदार्थही हाताने उचलून खाण्याजोगा असावा: पोळीचा रोल, थालीपिठाचे तुकडे, इडली. एप्रिलमध्ये इथलं ऊन चढलेलं असतं. दही-दूध घातलेले पदार्थ दुपारपर्यंत टिकत नाहीत. पाण्याची बाटलीही हलक्या फिरकीची असावी. बुटांना लेसऐवजी चिकटपट्टी असावी आणि चड्डीला बटणाऐवजी इलॅस्टिक. भारतीय आणि कमोड, दोन्ही पद्धतींच्या शौचालयांची ओळख असावी. स्वतःचं स्वतः करता आलं की मुलाची मान वर होते, आणि जे जमत नाही त्यासाठी हाक मारण्याची लाज कमी होते.

३. आधी हात, मग पेन्सिल

चार वर्षांच्या मुलाच्या मनगटातली हाडं अजून पुरती घडलेली नसतात. या वयात बहुतेक मुलांना गोल आणि फुली काढता येते. चौकोन त्यानंतर जमतो आणि त्रिकोणाला पाचवं वर्ष उजाडतं. अक्षरं म्हणजे याच रेघा, गोल आणि कोन. हाताला त्रिकोण जमत नसताना त्याच्याकडून पानभर ‘ए’ गिरवून घेतला, तर बोटं दुखतात आणि लिहिण्याचा कंटाळा मात्र पक्का होतो.

हाताला काम द्या. थंडीत इथे मटाराचे ढीग लागतात. शेंगा सोलायला मुलाला शेजारी बसवा. कणकेचा गोळा मळू द्या, कपड्यांचे चिमटे लावू द्या, कागद फाडून चिकटवू द्या. मकरसंक्रांतीला सगळं जयपूर गच्चीवर असतं. मोठी माणसं पतंग उडवतात आणि चरखी लहानग्यांच्या हातात असते. दोन्ही हातांनी चरखी धरायची, मांजा सुटताना ढील द्यायची, गुंडाळताना फिरवायची, आपली पाळी येईपर्यंत थांबायचं. एवढं शिक्षण त्या एका दुपारी होतं. फक्त मांजा साधा सुती असावा आणि मोठं माणूस शेजारी उभं असावं.

सरकारी आराखडाही याच बाजूचा आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात तीन ते सहा वयाला पाठ्यपुस्तकं लावू नयेत असं म्हटलं आहे, आणि २०२० च्या शालेय दप्तर धोरणात पूर्वप्राथमिकला दप्तरच नको असं आहे. मूल लिहीत नाही म्हणून केजीच्या बाईंनी चिंता दाखवली, तर पालकांनी हे शांतपणे सांगावं.

४. पाठ असणं म्हणजे मोजता येणं नव्हे

एकपासून शंभरपर्यंत घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला मी म्हणते, ‘मला पाच ठोकळे दे.’ कित्येक जण ओंजळभर आणून देतात. एका वस्तूला एक आकडा, आणि शेवटी आलेला आकडा म्हणजे एकूण, हे कळायला हातात वस्तू लागते. जेवायला किती माणसं, तितकी ताटं मांडू द्या. जिना चढताना पायऱ्या मोजा. दहापर्यंतचं असं खरं मोजणं शंभराच्या पाठांतरापेक्षा पुढे जास्त कामी येतं.

५. थांबून बघण्याची सवय

जानेवारीच्या कोवळ्या उन्हात आम्ही मुलांना जंतरमंतरला नेतो. सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात बांधलेल्या या वेधशाळेतलं सम्राट यंत्र सुमारे २७ मीटर उंच आहे. त्याची सावली संगमरवरी मोजपट्टीवरून सेकंदाला जवळजवळ एक मिलिमीटर सरकते, म्हणजे डोळ्यांना दिसेल अशी. एकदा आमच्यातला सगळ्यात चुळबुळ्या मुलगा त्या सावलीच्या कडेशी उकिडवा बसला. पुढच्या रेघेवर त्याने नजर लावली होती. सावली रेघेला टेकली, तिने रेघ झाकली, तेव्हा तो ओरडला, ‘दीदी, चल रही है!’ मग सगळा घोळका तिथे बसला.

केजीच्या बाईंची सर्वांत मोठी तक्रार असते की मुलं एका जागी बसत नाहीत. बसण्याची सक्ती करून लक्ष लागत नाही. बघण्याजोगं काहीतरी समोर असलं की लागतं. मुंग्यांची रांग, कुंडीतला कोंब, उकळी येणारं दूध यांसमोर मूल थांबलं असेल तेव्हा घाई करू नका. त्याच्या शेजारी थांबा आणि ते विचारेल तेवढंच सांगा. प्रश्न विचारणं हीसुद्धा मदत मागण्याचीच एक तऱ्हा आहे.

६. घरची मराठी सोडू नका

काही शाळा पालकांना सांगतात, ‘घर पर इंग्लिश में बात कीजिए.’ मराठी पालक आधीच हिंदीच्या गावात असतात, त्यात हे ऐकून धास्तावतात आणि घरात तुटक इंग्रजी सुरू होते. मूल मग गप्प होतं. आजीशी भांडणारं, गोष्टी रचणारं मूल ‘येस’, ‘नो’, ‘वॉटर’ इतक्यावर येऊन थांबतं. ज्याला एका भाषेत भरभरून सांगता येतं, त्याला दुसऱ्या भाषेत फक्त नवे शब्द शिकायचे असतात. ज्याला कुठल्याच भाषेत पूर्ण सांगता येत नाही, त्याची अडचण खरी. आजी-आजोबांशी मराठीत बोलू द्या, मराठीत गोष्टी सांगा, गणपतीत आरत्या म्हणू द्या. हिंदी अंगणातून येते, इंग्रजी शाळेतून येईल. वरच्या आराखड्यातही या वयात घरच्या भाषेवर भर आहे.

७. मुलाखतीची तालीम नको, वयाची घाई नको

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रवेशासाठी मुलांची चाळणी लावायला बंदी केली. पण त्या कायद्यातलं बालक सहा ते चौदा वयाचं आहे, त्यामुळे केजीच्या दाराशी ‘इंटरॅक्शन’ नावाने विचारपूस चालूच राहिली. त्यासाठी उत्तरं घोकून घेतलेलं मूल लगेच ओळखू येतं. नाव विचारलं की ते नाव, वडिलांचं नाव, आवडता रंग आणि शाळेचं ब्रीदवाक्य एका श्वासात म्हणतं, आणि मध्येच वेगळा प्रश्न आला की आईकडे बघतं. त्याला एवढंच सांगावं: माहीत असेल ते सांग, माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ म्हण.

वयाचंही तसंच. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात तीन ते आठ हा एकच पायाभूत टप्पा आहे: तीन वर्षं पूर्वप्राथमिक, मग पहिली आणि दुसरी. पहिलीत जाताना मूल सहा वर्षांचं असावं, हे केंद्राने फेब्रुवारी २०२३ मध्ये राज्यांना पुन्हा कळवलं. तिथून मागे मोजा आणि केजीचं वर्ष ठरवा. साडेतीन वर्षांच्या मुलाला पुढे ढकलून वाचवलेलं वर्ष पुढे त्याच्याच पाठीवर ओझं होऊन बसतं.

८. निरोप खरा घ्यावा

मार्च अखेरीच्या उन्हात चार वर्षांच्या मुलांना काळा गाउन आणि टोपी घालून ‘ग्रॅज्युएशन’ होतं. फोटो छान येतात, पण मुलाला निरोप वेगळ्या गोष्टींचा घ्यायचा असतो: झोपाळा, वाळूचा हौद, मावशी, आपलं नाव लिहिलेला खण. आमच्याकडे मुलं त्या त्या जागी जाऊन ‘बाय’ म्हणतात. कुणी रडलं तर रडू देतो.

नव्या शाळेचा रस्ता, फाटक, शक्य असल्यास वर्गही आधी दाखवून आणा. पहिल्या दिवशी मुलाची नजर चुकवून निघून जाऊ नका आणि ‘मी बाहेरच बसलेय’ असं खोटंही सांगू नका. घड्याळ त्याला कळत नाही, दिवसाचा क्रम कळतो. ‘डबा खाऊन होईल, मग गोष्ट होईल, मग मी येईन,’ असं सांगा आणि त्या वेळी फाटकाशी हजर राहा. मोठ्यांचा शब्द खरा ठरतो हे ज्या मुलाने अनुभवलं आहे, ते बाईंवरही विश्वास टाकतं.

९. शाळेची तयारी कोण तपासणार?

मुलाच्या तयारीबद्दल सगळे बोलतात. शाळेला कुणी विचारत नाही. प्रवेश घेताना विचारा: केजीचं शौचालय वर्गापासून किती लांब आहे? तिथे मदतीला कोण असतं? रोज किती वेळ मोकळं खेळू देता? रडणाऱ्या मुलाजवळ कोण बसतं?

शाळेने मुलासाठी तयार व्हावं, हा विचार आपल्याकडे जुना आहे. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर उघडलं. तिथे त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं, तेव्हा मुलं शाळेत येईनात म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली. जयपुरातही १९८७ मध्ये गोकुळपुरीच्या वस्तीत बोध शिक्षा समितीचं काम वस्तीतल्या लोकांना बरोबर घेऊनच उभं राहिलं. या सगळ्यांनी मूल जिथे होतं तिथून सुरुवात केली. भरभक्कम फी घेणाऱ्या शाळेकडून एवढी अपेक्षा धरायला काहीच हरकत नाही.

पुढच्या महिन्या-दोन महिन्यांत घरी एवढंच करा: डबा उघडायला शिकवा, शौचालयाची सवय लावा, गरजेची वाक्यं पक्की करून घ्या, रोज एक गोष्ट मराठीत सांगा. अक्षरं आणि आकडे शिकवायला शाळेकडे पुढची कित्येक वर्षं आहेत. ‘मला जमत नाहीये, जरा बघता का?’ हे म्हणण्याचं धैर्य मात्र आपण घरून देऊन पाठवायचं असतं. आणि ते म्हणणाऱ्या मुलाकडे लगेच वळून बघणं, हे त्याच्या नव्या बाईंचं पहिल्या दिवसाचं पहिलं काम आहे.