बातमीपासून निकालपत्रापर्यंत : शालेय विद्यार्थ्यांचा कायदा-अभ्यास

एखादी गोष्ट केवळ ऐकीव आहे, परंपरेने आली आहे अथवा सांगणारा आपला गुरू आहे, एवढ्यावरून ती स्वीकारू नका, असा उपदेश तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना केला. कायद्याच्या अभ्यासाचा आरंभ करण्यास याहून उचित वचन आम्हाला ठाऊक नाही. या उपदेशाची गरज किती निकडीची आहे, याचा प्रत्यय आम्हाला ऑगस्ट २०२४ मध्ये आला. त्या आठवड्यात वसतिगृहात येणाऱ्या पालकांच्या ओठी एकच प्रश्न होता : ‘सर, पोरांच्या सवलती बंद झाल्या का?’ कोणी मोबाईलवरचा संदेश दाखवीत होते, कोणी बातमीचा मथळा. निकालपत्र मात्र कोणी पाहिले नव्हते. खरे सांगायचे तर तोवर आम्हीही पाहिले नव्हते.

आम्ही तो प्रश्नच अभ्यासासाठी वर्गापुढे ठेवला. विद्यार्थ्यांनी प्रथम बातम्या जमवल्या, मग आमच्या साहाय्याने मूळ निकालाचे महत्त्वाचे भाग वाचले. १ ऑगस्ट २०२४ रोजी ‘पंजाब राज्य विरुद्ध दविंदर सिंग’ या प्रकरणात सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सहा विरुद्ध एक अशा बहुमताने निर्णय दिला होता. अनुसूचित जातींचे उपवर्गीकरण राज्यांना करता येईल काय, हा मुख्य प्रश्न होता. ते करता येईल, असे सांगून न्यायालयाने २००४ चा चिन्नय्या प्रकरणातील निर्णय रद्द ठरवला. न्यायमूर्ती बेला त्रिवेदी यांनी भिन्नमत नोंदवले. म्हणजे निकालाने राज्यांना मुभा दिली होती, सक्ती केली नव्हती. आणि आरक्षण तर मुळीच रद्द केले नव्हते. क्रीमी लेयरविषयी चार न्यायमूर्तींनी मते मांडली होती हे खरे. परंतु ती अट लागू करण्याचा आदेश निकालात नव्हता. या निर्णयाच्या इष्टानिष्टतेविषयी समाजात तीव्र मतभेद आहेत आणि ते असणे स्वाभाविक आहे. मात्र मतभेदसुद्धा निकालात जे आहे त्याच्याशी असावा, अफवेशी नव्हे. एवढे समजल्यावर विद्यार्थ्यांनी सोप्या मराठीत घरी पत्रे लिहिली. अभ्यासाचे याहून मोठे फळ कोणते?

साधने कोठे शोधावीत?

बातमी हे आरंभाचे साधन होय. तिच्यातून चार गोष्टी टिपून घ्याव्यात : न्यायालय कोणते, पक्षकार कोण, तारीख कोणती आणि प्रकरण कोणत्या टप्प्यावर आहे. ‘न्यायालयाने विचारले’ आणि ‘न्यायालयाने आदेश दिला’ यांत महदंतर आहे. सुनावणीतील तोंडी शेरा म्हणजे निकाल नव्हे. नोटीस म्हणजे दोषसिद्धी नव्हे. अंतरिम स्थगिती म्हणजे अंतिम निर्णय नव्हे. एकाच घटनेच्या किमान दोन वृत्तपत्रांतील बातम्या शेजारी ठेवून वाचल्या की हा फरक विद्यार्थ्यांच्या ध्यानी येतो.

त्यानंतर मूळ कागदाकडे वळावे. सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर पक्षकाराचे नाव अथवा तारीख देऊन निकाल शोधता येतो. ‘ई-एससीआर’ या दालनात २०२३ पासून निकाल विनामूल्य वाचावयास मिळतात. काही निकालांचे मराठी अनुवादही उपलब्ध आहेत. ते समजून घेण्यासाठी उपयुक्त आहेत, मात्र प्रमाण मानला जातो तो इंग्रजी पाठच. मुंबई उच्च न्यायालयाचे निकाल त्याच्या संकेतस्थळावर, जिल्हा न्यायालयांतील प्रकरणांची स्थिती ‘ई-कोर्ट्स’वर आणि केंद्रीय कायद्यांचा मूळ पाठ ‘इंडिया कोड’वर मिळतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली असल्याने जुन्या बातम्यांतील कलमांचे क्रमांक पडताळावेत. खुनाच्या शिक्षेचे पूर्वीचे कलम ३०२ आता कलम १०३ झाले आहे.

शेकडो पानांचा निकाल पाहून विद्यार्थ्याने घाबरू नये. आरंभी न्यायमूर्तींची नावे आणि प्रकरणाची हकिकत, मध्ये विचारार्थ घेतलेले प्रश्न आणि अखेरीस आदेश, एवढे वाचले तरी शालेय स्तरावर पुरेसे आहे.

एक अनुकरणीय उदाहरण

बातमी आणि न्याय यांचे नाते समजावण्यासाठी आम्ही ‘सुकन्या शांता विरुद्ध भारत सरकार’ हे प्रकरण आवर्जून शिकवतो. देशातील तुरुंगांत जातीवर आधारित कामवाटप चालते, याविषयी या महिला पत्रकाराने २०२० मध्ये वृत्तान्त लिहिला. अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांतच सफाईचे काम विशिष्ट जातींकडे आणि स्वयंपाक तथाकथित उच्च जातींकडे सोपवणाऱ्या तरतुदी होत्या. पुढे त्यांनी स्वतःच सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने अशा तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या, तीन महिन्यांत नियमावल्या सुधारण्याचे आदेश दिले आणि तुरुंगाच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना वगळण्यास सांगितले.

या एका प्रकरणात संविधानाचे अनुच्छेद १४, १५, १७, २१ आणि २३ एकत्र भेटतात. अस्पृश्यता नष्ट झाल्याचे पाठ्यपुस्तकात वाचलेला विद्यार्थी येथे विचारतो, ‘मग नियमावलीत ती इतकी वर्षे कशी राहिली?’ हा प्रश्न त्याला सुचला की पाठ सार्थकी लागला, असे आम्ही मानतो. ज्या बाबासाहेबांनी १९२० मध्ये ‘मूकनायक’ सुरू केले, त्यांनीच चवदार तळ्याचा दावा १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात अखेरचा निकाल मिळेपर्यंत लढवला. लेखणी आणि न्यायालय ही दोन्ही साधने आपल्या परंपरेत एकमेकींना पूरक राहिली आहेत.

काही पथ्ये

चालू प्रकरण हाताळताना संयम हवा. आरोपी हा गुन्हेगार सिद्ध झालेला नसतो. अत्याचारपीडितांची आणि बालकांची ओळख उघड करण्यास कायद्याचा प्रतिबंध आहे. वर्गातील तक्त्यावरही ती येता कामा नये. विद्यार्थ्याच्या स्वतःच्या गावातील अत्याचाराचे प्रकरण आम्ही अभ्यासासाठी निवडत नाही. त्यात त्याचे आप्त असू शकतात, आणि कोणाची जखम हा कोणाचा गृहपाठ होऊ नये.

आमची माजी विद्यार्थ्यांना विनंती आहे की, त्यांच्यापैकी जे वकिली करतात त्यांनी वर्षातून एक दिवस येऊन मुलांसमवेत एक निकालपत्र वाचावे. पालकांना एवढेच सांगणे आहे की, पुढच्या वेळी मोबाईलवर एखादा भयसूचक संदेश आला, तर तो पुढे पाठवण्यापूर्वी आपल्या मुलाला वा मुलीला विचारावे : ‘निकालात नेमके काय लिहिले आहे?’ ते शोधून सांगण्याची विद्या आम्ही त्यांना देत आहोत.