भरतीपूर्वीचे गोंदण

 

सैन्यदल, निमलष्करी दले किंवा विमानसेवा यांसारख्या गणवेशाच्या नोकरीची तयारी करणाऱ्या तरुणाने अंगावर कायमचे गोंदण करून घ्यावे की नाही, आणि घ्यायचेच तर शरीराच्या कोणत्या भागावर, हा प्रश्न एरवी आवडीनिवडीचा समजला जातो. परंतु भरतीच्या वैद्यकीय तपासणीत तोच प्रश्न पात्रतेचा होतो आणि तेथे त्याचे उत्तर उमेदवाराच्या हाती राहत नाही. उजव्या हाताच्या आतल्या बाजूस, मनगटापासून कोपरापर्यंत, शिवछत्रपतींची राजमुद्रा गोंदवून घेण्याचा, अशाच भरतीची तयारी करणाऱ्या चिरंजीवाचा विचार असल्याचे घरातून कळले. त्या विचारामागची श्रद्धा खरी आहे आणि तिच्याविषयी घरात कोणाच्याही मनात किंतु नाही. ती श्रद्धा ज्या जागी, ज्या आकारात आणि ज्या वेळी अंगावर उतरणार आहे, त्याचा चिरंजीवाच्या पहाटेच्या धावण्यावर आणि रात्रीच्या अभ्यासावर पाणी पडण्याइतका परिणाम होऊ शकतो, म्हणून हे पत्र.

गोंदण म्हणजे त्वचेच्या वरच्या थराखाली असलेल्या थरात सुईने रंगद्रव्य पोचवणे. वरचा थर सतत झडून नवा होत असतो, पण खालच्या थरात गेलेला रंग तेथील पेशी धरून ठेवतात, म्हणून खूण जन्मभर टिकते. महाराष्ट्राला ही कला नवी नाही. मागच्या पिढ्यांतील असंख्य स्त्रियांच्या कपाळावर, हनुवटीवर आणि हातांवर हिरवट ठिपके, तुळशीवृंदावने, देवांची किंवा नवऱ्याची नावे असत, आणि मेल्यावर सोबत येणारा एवढाच दागिना, अशी त्यांची श्रद्धा होती. मध्य भारतातील गोंड, बैगा आदी जमातींत तर गोंदणाशिवाय स्त्रीचे रूप पुरे होत नाही असे मानले जाते. तेव्हा अंगावर खूण असणे म्हणजे वाया जाणे, ही समजूत या भूमीतील नाही. ती कचेऱ्या, छावण्या आणि शहरी शिष्टाचार यांच्याबरोबर वाढत गेली, आणि आजीच्या कपाळावरचे गोंदण पूज्य मानणारे घरही नातवाच्या मानेवरचे गोंदण पाहून कपाळाला आठ्या घालू लागले. हा अन्याय आहे असे म्हणता येते. तथापि भरती मंडळासमोर उभ्या असलेल्या उमेदवाराला संस्कृतीच्या इतिहासाचा उपयोग होत नाही. त्याच्या बाबतीत छापील नियम लागू होतो.

भारतीय सैन्यदलाचा नियम असा की, कायमचे गोंदण केवळ अग्रबाहूच्या, म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागाच्या, आतल्या बाजूस आणि पंजाच्या पाठीमागच्या बाजूस चालते. इतर कोणत्याही भागावर ते आढळल्यास उमेदवार पुढील निवडीतून बाद होतो. दंड, छाती, पाठ, मान, पोटरी हे सारे भाग यात आले, मग ते गणवेशाखाली झाकले जावोत वा न जावोत. ज्या आदिवासी जमातींत चेहऱ्यावर वा अंगावर गोंदण्याची रूढ परंपरा आहे, त्यांतील उमेदवारांना प्रत्येक प्रकरण स्वतंत्रपणे तपासून सवलत दिली जाते. शासन परंपरा ओळखते, हे या अपवादावरून दिसते; मात्र भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकॅडमीतील सोबत्यांनी मिळून एकसारखे गोंदवून घेतले, ही परंपरा या सवलतीत बसत नाही.

येथपर्यंत वाचून चिरंजीवाला वाटेल की राजमुद्रेची जागा तर नियमात बसते. सैन्यदलापुरते जागेच्या बाबतीत ते खरेही आहे. परंतु भरतीची तयारी करणारी मुले एकाच दलाचा अर्ज भरून थांबत नाहीत. स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या जीडी कॉन्स्टेबल परीक्षेतून सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल, केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल, इंडो-तिबेट सीमा पोलीस, सशस्त्र सीमा बल आणि आसाम रायफल्स या दलांकडेही तीच मुले वळतात, आणि तेथील नियम वेगळा आहे. गृह मंत्रालयाच्या वैद्यकीय तपासणीविषयीच्या मार्गदर्शक सूचनांनुसार या दलांत अग्रबाहूच्या आतल्या बाजूचे गोंदण चालते, पण फक्त डाव्या हातावरचे, कारण सॅल्यूट उजव्या हाताने केला जातो आणि सॅल्यूट करणारा हात कोरा असावा, अशी अपेक्षा आहे. आकारालाही मर्यादा आहे: गोंदणाने शरीराच्या त्या भागाचा एक चतुर्थांशापेक्षा कमी हिस्सा व्यापलेला असावा लागतो. मजकुराच्या बाबतीत धार्मिक चिन्हे, देवतांच्या आकृती आणि नाव यांना परवानगी दिलेली आहे. राजमुद्रेला श्रद्धेचे चिन्ह मानायचे की ऐतिहासिक, हे त्या दिवशी टेबलामागे बसलेले वैद्यकीय मंडळ ठरवणार, आणि दुसऱ्याच्या वाचनावर आपली नोकरी टांगून ठेवणे शहाणपणाचे नाही. म्हणजे उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत काढलेली जी मुद्रा सैन्यदलाच्या मैदानावर जागेच्या कारणाने अडणार नाही, तीच निमलष्करी दलाच्या तपासणीत हात आणि आकार या दोन्ही कारणांनी ‘अनफिट’ हा शेरा आणू शकते. धावणे, लेखी परीक्षा आणि कागदपत्रे या सर्व पायऱ्या पार केलेल्या मुलाला हा शेरा शेवटी मिळतो, ही त्यातील सर्वांत क्रूर गोष्ट आहे.

अशा शेऱ्याविरुद्ध पुनर्तपासणी मागता येते आणि न्यायालयातही जाता येते, पण न्यायालयांचे निर्णय एका दिशेने गेलेले नाहीत. 2017 साली मुंबई उच्च न्यायालयासमोर सोलापूरच्या एका तरुणाचे प्रकरण आले. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलात शिपाई-चालक होऊ पाहणाऱ्या त्या तरुणाला हातावरील धार्मिक गोंदणामुळे अपात्र ठरवण्यात आले होते, ते गोंदण त्याने बहुतांशी काढूनही टाकले होते, आणि न्यायालयाने त्याच्या बाजूने निर्णय दिला. त्याच सुमारास दिल्ली उच्च न्यायालयाने मात्र हवाई दलाची बाजू उचलून धरली. त्या उमेदवाराचे गोंदण अग्रबाहूच्या बाहेरच्या बाजूस होते आणि जाहिरातीत मागितलेले गोंदणाचे छायाचित्र त्याने अर्जासोबत दिलेले नव्हते. या दुसऱ्या निर्णयातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे, ती ही की, गोंदणाची मागितलेली माहिती पूर्ण न देणे हेही घातक ठरू शकते. पुढे 2022 साली दिल्ली उच्च न्यायालयाने उजव्या पंजाच्या पाठीवर धार्मिक चिन्ह असलेल्या एका उमेदवाराला ते काढून नव्या वैद्यकीय मंडळासमोर जाण्यासाठी दोन आठवड्यांची मुभा दिली.

दोन आठवडे ही मुदत ऐकायला उदार वाटते, पण गोंदण काढण्याची प्रक्रिया पाहिली म्हणजे तिचे खरे स्वरूप कळते. लेसर उपचारात प्रकाशाचे अतिशय क्षणिक झोत रंगाचे कण फोडतात, आणि फुटलेले बारीक कण शरीर हळूहळू वाहून नेते. म्हणून एकाच बैठकीत काम होत नाही, अनेक बैठका लागतात आणि दोन बैठकांमध्ये कित्येक आठवड्यांचे अंतर ठेवावे लागते. काळा रंग तुलनेने लवकर निघतो, हिरवा आणि पिवळा चिवटपणे टिकतो. आपल्यासारख्या सावळ्या वर्णाच्या त्वचेवर लेसरमुळे त्या जागी पांढरट किंवा काळपट डाग उरण्याचा धोका अधिक असतो. घाईने शस्त्रक्रिया करून कातडीचा तो तुकडाच काढला, तर कायमचा व्रण राहतो. गोंदवण्याचा खर्च काही शेकड्यांत किंवा हजारांत भागतो आणि काढण्याचा खर्च त्याच्या अनेक पटींनी जातो, हे वेगळेच. जत्रेतल्या गोंदवणाऱ्याकडे एकच सुई अनेकांच्या अंगाला लागत असेल, तर कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही यांचा संसर्ग होऊ शकतो, हेही येथे बजावून सांगणे आवश्यक आहे.

गणवेशाबाहेरच्या नोकऱ्यांत छापील नियम कमी आणि न बोललेली अपेक्षा अधिक असते. ग्लासगोतील ख्रिस वॉरहर्स्ट आणि डेनिस निक्सन या अभ्यासकांनी हॉटेले व दुकाने यांतील नोकऱ्यांचा अभ्यास करताना सौंदर्यश्रम ही संकल्पना मांडली. कर्मचाऱ्याचे दिसणे, बोलणे आणि वावरणे हा जेव्हा विकल्या जाणाऱ्या सेवेचाच भाग होतो, तेव्हा मालक त्याच्या कौशल्याबरोबर त्याचे रूपही नोकरीवर ठेवत असतो, असा तिचा आशय आहे. अँड्र्यू टिमिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चेहऱ्यांच्या छायाचित्रांवर गोंदण आणि टोचलेले दागिने दाखवून लोकांना, या व्यक्तींना नोकरी द्याल का, असे विचारले, तेव्हा तेच चेहरे खुणांसह कमी गुण मिळवताना दिसले, आणि ही घट ग्राहकांसमोर उभे राहण्याच्या कामांत अधिक होती. टिमिंग यांच्याच दुसऱ्या अभ्यासाचा निष्कर्ष असा की, उच्चभ्रू भोजनगृहात अडचणीचे ठरणारे गोंदण तरुणांच्या नाइट क्लबमध्ये उमेदवाराच्या पथ्यावर पडू शकते. याउलट मायकेल फ्रेंच आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील 2,000 हून अधिक लोकांच्या माहितीवरून 2018 मध्ये असे दाखवले की, गोंदण असलेल्यांना रोजगारात वा पगारात तोटा होत असल्याचे दिसत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात: प्यू संशोधन केंद्राच्या 2023 च्या पाहणीनुसार अमेरिकेत 32 टक्के प्रौढांच्या अंगावर गोंदण आहे, आणि जेथे जवळपास दर तिसरा माणूस गोंदलेला आहे, तेथे मालकाला फार निवड करत बसता येत नाही. पुण्या-मुंबईच्या संगणक कंपन्यांत आणि जाहिरातसंस्थांत ती मोकळीक बऱ्याच प्रमाणात आली आहे; बँकेचा काउंटर, तारांकित हॉटेलचा स्वागतकक्ष आणि विमानातील सेवक-वर्ग येथे ती तितकी पोचलेली नाही. खासगी मालकाने केवळ गोंदणामुळे डावलले, तर त्याविरुद्ध दाद मागण्यासाठी भारतात स्वतंत्र कायदा नाही, हेही ध्यानात ठेवावे.

जग या बाबतीत बदलत आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. एअर न्यूझीलंडने 1 सप्टेंबर 2019 पासून कर्मचाऱ्यांना दिसणारी गोंदणे ठेवण्याची मुभा दिली आणि त्यामुळे माओरी कर्मचाऱ्यांची पूर्वापार चालत आलेली मोको ही खूण झाकण्याची सक्ती संपली. व्हर्जिन अटलांटिक या विमानकंपनीने आणि अमेरिकेच्या भूदलाने 2022 मध्ये आपापले नियम सैल केले. आपल्याकडेही ते सैल होतील आणि व्हावेत. पण नियम बदलण्याची वाट पाहणारा उमेदवार तो आपल्या वयोमर्यादेच्या आत बदलेल, असे धरून चालू शकत नाही.

टोचलेल्या दागिन्यांचा प्रश्न तुलनेने सोपा आहे, कारण दागिना काढता येतो आणि साधे छिद्र बहुधा नजरेत भरत नाही. मात्र कानाची पाळी ताणून मोठी केलेली असेल, तर ती टाके घातल्याशिवाय पूर्ववत होत नाही. भिकबाळी घालण्याची हौस चिरंजीवाने सुट्टीत खुशाल भागवावी. नाकातली चमकी तर आपल्याकडे इतकी स्वाभाविक की तिच्यावर आक्षेप येईल असे कोणाला वाटत नाही, पण दक्षिण आफ्रिकेत दरबानच्या एका शाळेने भारतीय वंशाच्या मुलीच्या चमकीला हरकत घेतली आणि ते प्रकरण तेथील संविधान न्यायालयापर्यंत गेले. 2007 मध्ये न्यायालयाने मुलीच्या बाजूने निकाल देताना तिची चमकी धर्म आणि संस्कृती यांचा भाग मानली. येथे एक भेद मात्र करायला हवा. खाद्यपदार्थांच्या कारखान्यात, शस्त्रक्रियागृहात किंवा फिरत्या यंत्राजवळ दागिने काढायला लावणे हे स्वच्छतेसाठी आणि अपघात टाळण्यासाठी असते, त्यात अपमान नाही. दुकानाच्या गल्ल्यावर बसणाऱ्या मुलीला तेच सांगणे हा निव्वळ पूर्वग्रह होय.

पूर्वग्रहाचा दोष ज्याच्या अंगावर खूण आहे त्याचा नसतो, तरी त्याची किंमत त्यालाच मोजावी लागते, आणि शेतीवर भागत नसलेल्या घरातील मुलाला ती सर्वांत जड जाते. ज्याच्या मागे घरचा व्यवसाय आहे, त्याने मानेवर गोंदवून घेतले तरी त्याची चूल पेटते. पुढे कधी चिरंजीवाच्या हाती इतरांची निवड करण्याचा अधिकार आला, तर उमेदवाराच्या कातडीकडे न पाहता कामाकडे पाहावे, अशी अपेक्षा आहे.

सध्यापुरते करण्यासारखे काम थोडके आहे. ज्या ज्या दलांसाठी अर्ज भरायचे आहेत, त्या प्रत्येकाच्या चालू वर्षाच्या अधिकृत जाहिरातीतील वैद्यकीय निकष चिरंजीवाने स्वतः वाचावेत आणि अकॅडमीतल्या सांगोवांगीवर विसंबू नये. सोबत्यांपैकी ज्यांनी आधीच गोंदवून घेतले आहे, त्यांना अर्जात ती माहिती खरी व पूर्ण देण्यास सांगावे. राजमुद्रेचा आदर ती कातडीवर नसली तरी कमी होत नाही. शेवटच्या दलाची वैद्यकीय तपासणी पार पडून नेमणुकीचे पत्र हाती येईपर्यंत, आणि त्यानंतरही त्या दलाचा सेवानियम पाहिल्याखेरीज, चिरंजीवाने हाताला सुई लागू देऊ नये, अशी घरातील सर्वांची कळकळीची विनंती आहे.