उशिरा चालणारे मूल : वाट किती पाहावी?

“याचे वडीलही उशिराच चालले होते,” असे आजी सांगतात आणि आपण डॉक्टरही मान डोलावतो. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी मीही एका आईला असेच आश्वासन दिले होते, “थांबा, चालेल हळूहळू.” आठव्या महिन्यात जन्मलेले ते बाळ तेव्हा दहा महिन्यांचे होते. लंगोट बदलताना त्याचे पाय ताठ होऊन एकमेकांवर चढतात, ही आईची तक्रार मी ऐकली. परंतु पाय नीट तपासले नाहीत. एकोणिसाव्या महिन्यात ते बाळ परत आले तेव्हा निदान स्पष्ट होते : स्पास्टिक डायप्लेजिया, म्हणजे दोन्ही पायांवर अधिक परिणाम करणारी सेरेब्रल पाल्सी. मधले नऊ महिने माझ्या शब्दावर वाया गेले होते.

विलंब कशास म्हणावे?

आपल्या बडोद्याला या विषयाची स्वतःची परंपरा आहे. प्रमिला फाटक यांनी येथील बालकांच्या निरीक्षणातून विकासाचे मापदंड सिद्ध केले. १९९१ साली प्रसिद्ध झालेली ‘बडोदा डेव्हलपमेंट स्क्रीनिंग टेस्ट’ हे त्याच कार्याचे फलित होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मानकांनुसार निरोगी बालकांपैकी ९९ टक्के बालके ९.२ महिन्यांपर्यंत आधाराविना बसतात व १७.६ महिन्यांपर्यंत स्वतंत्रपणे चालतात. याच पाहणीत ४.३ टक्के बालके कधीच रांगली नाहीत. म्हणून केवळ न रांगण्याने घाबरू नये. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे वय दोन वर्षांपर्यंत अपेक्षित प्रसूतिदिनांकापासून मोजावे.

परंतु केवळ वय पाहणे पुरेसे नाही. चार महिन्यांनंतरही मुठी आवळलेल्या राहणे, वर्षाच्या आत एकच हात वापरणे, पायांची कात्री होणे, मान न सावरणे ही लक्षणे दिसताच वाट पाहणे थांबवावे. आलेले कौशल्य गमावणे तर तातडीचे लक्षण आहे. उशिरा चालू लागलेल्या मुलाच्या पोटऱ्या फुगीर असतील व जमिनीवरून उठताना तो मांड्यांवर हात टेकत असेल, तर सीपीके तपासावे. डुशेनच्या स्नायुविकारात जोरकस व्यायाम हानिकारक ठरू शकतो. मात्र संशय आल्यावर निदान पूर्ण होईपर्यंत भौतिकोपचार अडवून ठेवू नये. हॅमरस्मिथ तपासणी, बाळाच्या स्वाभाविक हालचालींचे निरीक्षण व एमआरआय यांच्या साहाय्याने सेरेब्रल पाल्सीचा अंदाज सहा महिन्यांच्या आतही विश्वासार्हपणे बांधता येतो, हे २०१७ पासून सर्वमान्य झाले आहे.

उपचारांची बदललेली दिशा

१९४० च्या दशकात बर्टा व कारेल बोबाथ या दांपत्याने लंडनमध्ये नवी पद्धती विकसित केली. तिच्या मूळ रूपात थेरपिस्टच्या हातांनी बाळाची ठेवण व ताण सावरण्यावर भर होता. आजचा भर बाळाच्या स्वतःच्या प्रयत्नावर आहे. मूल जे स्वतः करू पाहते, पुनःपुन्हा करते, तेच मेंदू शिकतो. २०१३ साली नोवाक व सहकाऱ्यांनी उपलब्ध पुराव्यांचा आढावा घेतला, त्यात उद्दिष्टनिष्ठ सराव, घरचा आखीव कार्यक्रम, खुब्यांची नियमित क्ष-किरण तपासणी आणि एका बाजूच्या दुर्बलतेत चांगला हात काही काळ मोज्यात ठेवून दुर्बल हाताकडून काम करवून घेण्याची पद्धती यांना भक्कम पाठबळ मिळाले. मालिशने बाळ सुखावते, आई-बाळाची जवळीक वाढते. पण मालिश म्हणजे उपचार नव्हे. चाकांच्या वॉकरने चालणे लवकर येत नाही, अपघात मात्र होतात.

घर हीच उपचारशाळा

आठवड्यातून दोन तासांच्या उपचाराने फारसे साधत नाही. उरलेले दिवस घराचे असतात. थेरपिस्टने उद्दिष्ट लहान व नेमके ठरवून द्यावे, उदाहरणार्थ, महिनाभरात आधाराविना एक मिनिट बसणे. ताठ पायांच्या बाळाला पाय फाकवून कडेवर घ्यावे. चौरंगावर वाट्या-चमचे मांडून त्याला उभ्याने खेळू द्यावे. वस्तू हातात न देता किंचित दूर ठेवावी आणि धीर धरावा. घरातील माणसांना हा धीरच सर्वांत कठीण जातो.

ज्यांना खर्च परवडत नाही, त्यांच्यासाठी २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातील जिल्हा प्रारंभिक हस्तक्षेप केंद्रांची माहिती आपण अवश्य द्यावी.

भौतिकोपचाराने मेंदूची इजा पुसली जात नाही, हे पालकांना आरंभीच सांगावे. तो मुलगा पुढे स्प्लिंट लावून, काठी घेऊन शाळेत चालत गेला. ते नऊ महिने मिळाले असते तर काठी टळली असती काय, हे मला सांगता येणार नाही. पण ते महिने त्याच्या हक्काचे होते. म्हणून माझ्या व्यवसायबंधू-भगिनींना एवढीच विनंती की, “थांबा” म्हणण्यापूर्वी बाळाला एकदा तपासणीच्या मेजावर ठेवा. आणि आई काही सांगत असेल, तर तेथपासूनच तपासणीला आरंभ करा.